माळ आणि पदवी

आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. अमळनेर तालुक्यातील आमच्या खेड्यातून जळगावला निघालो, तेव्हा आजीने माझ्या गळ्यात तुळशीची माळ घातली आणि म्हणाली, “शिक भाऊ, पन देवले इसरू नको.” वसतिगृहात पहिल्याच आठवड्यात कोणीतरी “या महाराज!” म्हणून हसले. दुसऱ्या दिवसापासून मी शर्टाचे वरचे बटण लावू लागलो.

ही झाली एक लपवाछपवी. दुसरी घरची. वर्गात ऐकून मनात उठलेले प्रश्न मी गावच्या वेशीवर ठेवीत असे आणि मगच घरात शिरत असे. शहरात सुशिक्षित, गावात भाविक! माझ्यासारखे दोन्हीकडे अर्धे जगणारे आपल्यात पुष्कळ आहेत, म्हणूनच हे लिहितो.

श्रद्धा ही अडाण्यांची मिरास आहे, असे आपल्यातील काहींना वाटते. मित्रहो, आपल्या पदवीपत्रावर कोणाचे नाव असणार? आपले विद्यापीठ २०१८ सालापासून कवयित्री बहिणाबाई चौधरींचे नाव मिरविते. असोद्याची ही लेक, जळगावची सून. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात राबताना, जात्यावर दळताना तिने गाणी रचली. ती उतरवून घेतली म्हणून राहिली आणि तिच्या मृत्यूनंतर १९५२ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. तिला देव पेरणीत दिसला, मळ्यात दिसला. अशा बाईच्या नावाची पदवी घ्यायची आणि आजीच्या माळेची लाज बाळगायची, हा कुठला शहाणपणा?

पण म्हणून श्रद्धेला प्रश्नच विचारू नयेत काय? येथे मला माझा दोष सांगितला पाहिजे. गेल्या श्रावणात कानबाईच्या उत्सवाला मी वर्गमित्राला घरी नेले. गाणी झाली, आरती झाली. जेवणाच्या वेळी माझ्या मित्राचे पान मात्र ओट्यावर वाढले गेले. कारण जात. मी आत पंगतीत बसलो होतो. घास गिळत होतो आणि गप्प होतो. मित्र काहीच बोलला नाही. परतताना एस. टी.त तो खिडकीबाहेर पाहत राहिला.

त्या रात्री मला सानेगुरुजी आठवले. ते आमच्याच अमळनेरला शिक्षक होते. तत्त्वज्ञान शिकलेले एम. ए.; तेथल्या वसतिगृहातील मुलांसाठी ‘छात्रालय’ नावाचे दैनिक स्वतः हाताने लिहून काढीत. देवावर आणि आईवर त्यांची अपार श्रद्धा. त्याच श्रद्धेपोटी, पंढरपूरचे विठ्ठलमंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात ते उपोषणास बसले. मंदिर खुले झाले. विठ्ठलाला सोडून त्यांनी हा लढा दिला नाही; विठ्ठलाच्याच दारी बसून दिला.

शिक्षणाने श्रद्धा नष्ट व्हावी असे मला वाटत नाही. शिक्षणाने ती धुऊन निघावी. पोथीपुढे हात जोडणारा विद्यार्थी मागासलेला ठरत नाही. पण ओट्यावरचे पान पाहून गप्प बसणारा पदवीधर, मग तो नास्तिक असो की माळकरी, अशिक्षितच. देव मानावा की न मानावा हा ज्याचा त्याचा प्रश्न. माणूस मानावा की नाही, हा मात्र प्रश्नच असू नये.

आता मी वरचे बटण लावीत नाही. दिवाळीच्या सुटीत वडिलांना मी सांगितले, “येत्या कानबाईला माझा मित्र आला तर तो माझ्या शेजारी बसेल. नाहीतर मीही ओट्यावर बसेन.” वडील काहीच बोलले नाहीत. आजी माझ्या गळ्यातल्या माळेकडे बघत राहिली. त्यांचे उत्तर अजून मिळावयाचे आहे. मित्राला पुन्हा बोलावण्याचे धैर्य मला झाले आहे. तो येईल की नाही, हे त्याने ठरवावयाचे.

— एक विद्यार्थी, एस. वाय. बी. ए.