पावसाळ्यात एसीवाल्याने घरी का बसायचं?



एसी सर्व्हिसिंग करणाऱ्या मुलांचं वर्ष कसं जातं, बघा. मार्च ते मे जेवायला फुरसत नाही आणि जूनमध्ये पाऊस लागला की फोन शांत. माझं मत स्पष्ट आहे: रावेतसारख्या भागात हे चार महिने रिकामे घालवायची गरज नाही. त्याच सोसायटीत, त्याच ग्राहकाकडे दुसरं काम असतं. ते म्हणजे घरातला दमटपणा.

जुलै-ऑगस्टमध्ये आपल्याकडे सकाळची आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर जाते. कपडे वाळत नाहीत, कपाटाला कुबट वास येतो, चामड्याच्या बॅगेवर बुरशी धरते. घरात दम्याचा पेशंट असेल तर त्रास आणखी वाढतो. म्हणून लोक डीह्युमिडिफायर घेतात. पण कुठे ठेवायचा, कसा सांभाळायचा, हे सांगायला कोणी नसतं.

हे काम तुमचंच आहे. एसीचा जन्मच दमटपणामुळे झाला! १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेने कागद फुगायचा आणि रंग जुळायचे नाहीत. त्यावर विलिस कॅरिअरने जी यंत्रणा आखली, तिथून आजचा एसी आला. घरगुती डीह्युमिडिफायरमध्येही तेच असतं: पंखा, थंड कॉइल, कंप्रेसर आणि खाली पाण्याची टाकी. आयटीआयला रेफ्रिजरेशन शिकलेल्याला यात नवीन फार काही नाही.

आता महत्त्वाचं. मशीन विकायच्या मागे लागू नका. ऑनलाइन भावाशी तुमची स्पर्धा होणार नाही. पैसा तपासणीत आणि देखभालीत आहे.

पहिल्या भेटीत काही शे रुपयांचा आर्द्रता मीटर न्या. खोलीत ६० टक्क्यांच्या वर आकडा सतत राहत असेल तर मशीनचा उपयोग आहे. पण वरच्या फ्लॅटच्या बाथरूममधून पाणी झिरपतंय, रंगाचे पोपडे निघतायत, तर सरळ सांगा, “ताई, आधी गळती काढा. मशीन घेऊन पैसे वाया जातील.” त्या दिवशी विक्री जाईल. पण सोसायटीच्या ग्रुपवर तुमचं नाव त्याच ताई टाकतील.

बसवतानाचे नियम साधे आहेत. मशीन आडवं करून आणलं असेल तर लगेच चालू करू नका, काही तास उभं राहू द्या. भिंतीपासून वीतभर तरी लांब ठेवा. खिडक्या बंद हव्यात, नाहीतर बाहेरचा पाऊस वाळवत बसाल! सेटिंग ५० ते ५५ टक्के पुरे. पाइप जोडलात तर उतार सलग ठेवा, मध्ये वर उचलला की पाणी तुंबतं. छोट्या, कंप्रेसर नसलेल्या मशीनवर मोठ्या खोलीचं काम होत नाही, हेही आधीच सांगा.

देखभालीत दर दोन आठवड्यांनी फिल्टर धुवून पूर्ण वाळवून लावायचा, टाकी घासायची, पाइप मोकळा आहे का पाहायचं. सीझन संपला की मशीन आतून कोरडं करून झाकून ठेवायचं. कॉइलला हलक्या ब्रशने हात लावा, पण वॉरंटीतल्या मशीनचा गॅस उघडू नका.

विजेचंही खरं सांगा. ३०० वॉटचं मशीन रोज ८ तास चाललं तर २.४ युनिट, म्हणजे महिन्याला ७२ युनिट. खोलीही थोडी गरम होते. हे बिल आल्यावर कळण्यापेक्षा तुमच्या तोंडून आधी कळलेलं बरं.

हिशोब करू. समजा ४० घरं, प्रत्येकी सीझनच्या तीन भेटी, भेटीला ५०० रुपये. झाले ६०,०००. हा नफा नाही, पेट्रोल आणि वेळ त्यातूनच जाणार. पण दुकान, माल, उधारी काहीच नाही, आणि मार्चमध्ये एसीसाठी याच ४० घरांचा फोन पहिला तुम्हालाच येईल.

या आठवड्यात एकच करा. मीटर घ्या, जुन्या दहा ग्राहकांच्या घरी आर्द्रता फुकट मोजून द्या आणि आकडे वहीत लिहा. धंदा कुठे आहे ते ती वहीच सांगेल.