‘बेजारु’ म्हणजे काय?

आमच्या नववीतल्या लेकीचं पोट रोज सकाळी दुखायचं. रविवारी मात्र नाही! सोनोग्राफी झाली, जंताच्या गोळ्याही झाल्या. शेवटी आदिलाबादेतल्या आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं.

ते तेलुगू आणि हिंदी बोलणारे. प्रश्न तिला, उत्तरं माझी. ती एवढंच म्हणाली, “बेजार वाटतं.” मी लगेच सांगून टाकलं, पोटदुखीने बेजार झालीय. पण पोर वाढली आजीच्या मांडीवर, आणि माझ्या सासूबाई बीदरच्या. त्यांच्या कन्नडात ‘बेजारु’ म्हणजे मन उदास होणं, कशातच जीव न रमणं. डॉक्टरांनी मला दहा मिनिटं बाहेर बसवलं. आईलाच बाहेर? राग आला. ती आत काय बोलली, ते मला आजही पूर्ण ठाऊक नाही. पण येताना ती रिक्षात झोपली, कित्येक दिवसांनी.

गोळ्या सुरू झाल्या. महिन्याभरात ती हसू लागली, तशा सासूबाई म्हणाल्या, “साकु, मात्रे बेडा.” मलाही तेच हवं होतं. गोळ्या बंद केल्या. त्रास उलटला, तेव्हा डॉक्टरांनी विचारलं आणि मी चक्क म्हणाले, “चालू आहेत.” त्यांनी डोस वाढवून लिहिला. चिठ्ठी हातात आली आणि मला घाम फुटला. दारातून परत फिरले, खरं सांगितलं. ते रागावले नाहीत. म्हणाले, “मी हिला महिन्यातून एकदा बघतो, तुम्ही रोज. तुम्हीच लपवलंत तर मी अंदाजानेच औषध देणार.” अशा गोळ्या एकदम थांबवायच्या नसतात, हेही तेव्हा कळलं. मी विचारलंच नव्हतं!

आता एक वही केली आहे. झोप, जेवण, शाळा, गोळी घेतली की चुकली. तिचा शब्द ज्या भाषेत आला, त्याच भाषेत लिहिते. आपल्याकडे यवतमाळ, नागपूर, हैदराबाद असे कागद पसरलेले असतात, तेही त्याच पिशवीत.

भरतीच्या नावाने घाबरणाऱ्यांसाठी सांगते: २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याप्रमाणे अल्पवयीन मुलाला भरती करावं लागलं, तर पालकाने किंवा त्यांनी नेमलेल्या व्यक्तीने सोबत राहायचं असतं. आणि अडीअडचणीला १४४१६ हा टेली-मानसचा मोफत क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून आहे. मराठी, कन्नड, तेलुगू, तिन्ही चालतात.

वहीतली कालची ओळ सासूबाईंनी सांगितली, मी लिहिली: “सोमवार. पोट दुखलं. तरी शाळेत गेली.”