आधीं डोळा, मग कॅमेरा

हल्लीं घरोघरीं छायाचित्रें घेण्याचें साधन झालें आहे. आमचे कित्येक विद्यार्थी सुटीच्या दिवशीं वडील मंडळींसह पाणथळ जागीं जाऊन पक्ष्यांचीं चित्रें घेऊन येतात, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु चित्र घेणें आणि पक्षी पाहणें हीं दोन निरनिराळीं कामें होत. पहिल्याच्या नादांत दुसरें राहून जातें, आणि कधीं कधीं पक्ष्यांस इजाहि पोंचते, असें आम्हांस वाटतें.

नाशिक जिल्ह्यांतील नांदूर मध्यमेश्वराचेंच उदाहरण घ्या. गोदावरी व कादवा यांच्या संगमाजवळ बंधारा झाला, मागें गाळ सांचला, आणि उथळ पाण्याचें विस्तीर्ण तळें तयार झालें. १९८६ सालीं तेथें अभयारण्य झालें; २०२० सालीं महाराष्ट्रांतील पहिलें रामसर क्षेत्र होण्याचा मान त्यास मिळाला.

फाल्गुन-चैत्रांत पाणी ओसरलें म्हणजे कांठचा चिखल उघडा पडतो. तो चिखल म्हणजे या पक्ष्यांचें ताटच. टिलव्याची चोंच आंखूड, म्हणून तो वरवरचे किडे टिपतो. शेकाट्याचे लांब तांबडे पाय त्यास अधिक खोल पाण्यांत नेतात. पाणलाव्याच्या चोंचीचें टोंक इतकें हुळहुळें असतें कीं, चिखलांत दडलेला किडा त्यास नुसत्या स्पर्शानें कळतो. ही व्यवस्था ध्यानांत येण्यास घटकाभर स्वस्थ बसावें लागतें. धांवत्या माणसास ती दिसत नाहीं.

याच दिवसांत टिलव्याची परतीची तयारी चालते. मुठींत मावेल एवढें हें पांखरूं वीण घालण्यास उत्तर ध्रुवाकडील प्रदेशांत जातें. अंगांत सांठविलेली चरबी हीच त्याची वाटेची शिदोरी. चित्र उठावदार यावें म्हणून थवा मुद्दाम उडविणें म्हणजे प्रवाशाची शिदोरी सांडून देणें होय. टिटवी येथेंच राहते, व याच सुमारास उघड्या जमिनीवर मातीच्या रंगाचीं अंडीं घालूं लागते. ती डोक्यावर ओरडत घिरट्या घालीत असतां आपण चित्रासाठीं तेथेंच रेंगाळलों, तर खालीं अंडीं उन्हांत तापत राहतात.

कोणी म्हणेल, मग चित्रें घेऊंच नयेत काय? आमचें म्हणणें तसें नाहीं. पूर्वीं पक्ष्यांच्या अभ्यासकास बंदूक लागे. आज पक्ष्याची ओळख पटविण्याचें पुष्कळसें काम कॅमेरा करितो, हा त्याचा मोठाच उपकार आहे. मात्र चाकरानें धनी होऊं नये. डोंगरावरील प्रवचनांत प्रभूनें शिष्यांस आकाशांतील पांखरांकडे लक्ष देण्यास सांगितलें, तें त्यांपासून कांहीं शिकावें म्हणून.

म्हणून विद्यार्थ्यांस आमची विनंति अशी: तळ्यावर गेल्यावर पहिला पाव तास कॅमेरा पिशवींतच ठेवा. काय पाहिलें तें वहींत टिपा. पक्षी चरणें थांबवून मान उंच करील, तर तेथूनच मागें फिरा. घरटें आढळल्यास त्याचा ठावठिकाणा चारचौघांत सांगूं नका. आणि पालकांनीं मुलें घरीं आल्यावर, "किती चित्रें आणलींस?" असें न विचारतां, "आज काय पाहिलेंस?" असें विचारावें. उत्तर देतां यावें म्हणून तरी मुलें नीट पाहूं लागतील.