पोटॅशियमचा एकोणिसावा

परवा देगलूरहून भाचीचा फोन. "मामा, तिसऱ्या कक्षेत १८ इलेक्ट्रॉन मावतात ना? मग पोटॅशियम २, ८, ८, १ का? २, ८, ९ का नाही?" मी गप्प. दहावीला हेच लिहून पैकीच्या पैकी मार्क घेतले होते मी!

रविवारी पुस्तकं काढून बसलो, तेव्हा लक्षात आलं की आपण दोन वेगळे प्रश्न एकाच पाठांतरात कोंबतो.

पहिला: मुळात पातळ्या असतातच कशाला? बोरनं १९१३ साली त्या गृहीत धरल्या. कारण कळलं ते द ब्रॉयी (१९२४) आणि श्रोडिंगर (१९२६) यांच्यामुळे. इलेक्ट्रॉन लाटेसारखा वागतो. एकतारीची तार दोन्ही टोकांना बांधलेली, म्हणून तिच्यात ठरावीकच कंपनं टिकतात. एक फुगवटा, दोन, तीन... अडीच नाही. इलेक्ट्रॉनची लाट केंद्रकाच्या ओढीनं बांधलेली, म्हणून तिच्याही ऊर्जा ठरावीकच.

दुसरा: मग सगळे तळालाच का बसत नाहीत? पाउलीनं १९२५ मध्ये नियम सांगितला. नांदेडच्या एसटीत दोघांच्या बाकावर "जरा सरका हो" म्हणत तिसरा बसतोच. इथे ते चालत नाही. एका कक्षकात दोनच. पहिल्या पातळीत कक्षक एक, दुसरीत चार. म्हणून २, मग ८. हा नियम नसता तर सगळे इलेक्ट्रॉन तळाला जाऊन बसले असते आणि आपल्या ओळखीचं रसायनशास्त्रच उरलं नसतं. मीठसुद्धा नाही.

आता भाचीचं पोटॅशियम. तिसरीत कक्षक नऊ, म्हणून १८ मावतात हे खरं. पण त्यांची ऊर्जा सारखी नसते. आतले इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ झाकतात. चौथ्या पातळीतल्या पहिल्या कक्षकाची लाट पार केंद्रकाजवळ शिरते, म्हणून तिला ओढ जास्त लाभते. तिसरीतले उरलेले पाच कक्षक बाहेरच राहतात. त्यामुळे एकोणिसाव्याला चौथी स्वस्त पडते.

तर माझं मत असं: २, ८, ८, १ जरूर पाठ करा, पण आधी गॅसच्या निळ्या ज्योतीत चिमूटभर मीठ टाकून पोरांना दाखवा. ज्योत पिवळी होते, कारण सोडियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन वर चढून परत खाली उतरतो. पातळ्या असतात याचा पुरावा स्वयंपाकघरातच आहे! नाहीतर हे कुणाच्या तरी कोडचं कॉपी-पेस्ट. चालतंय तोवर चालतं, आणि एक दिवस भाची फोन करते.