सोन्याच्या अंड्याचे देणे

कोंबडीला कोणी डॉक्टरकडे नेते काय, असा प्रश्न विचारणाऱ्या सभ्य गृहस्थांची आपल्याकडे वाण नाही. गाईला न्यावे, कुत्र्याला न्यावे. कोंबडीला मात्र पातेल्यात न्यावे, हे त्यांचे तत्त्वज्ञान! ऐन दिवाळीत, चिवड्याची बशी पुढ्यात असताना, या तत्त्वज्ञानाशी दोन हात करण्याचे मी योजिले आहे. वाचकांनी राग मानू नये.

आमच्या घरी एक पांढरी लेगहॉर्न आहे. अंडी घटली म्हणून पोल्ट्रीवाल्याने काढून टाकलेली. धाकट्या कन्येने हट्टाने घरी आणली. गेल्या पावसाळ्यात तिचे पोट पखालीसारखे फुगले. ती ताठ उभी राहून फेंगडी चालू लागली, चोच उघडी टाकून धापा टाकू लागली. शेजारी तत्परतेने धावून आले. एकाने एरंडेल सुचविले. दुसऱ्याने पोट दाबून अंडे काढण्याचा विडा उचलला. तिसऱ्याने खिशातून स्वतःच्या खोकल्याच्या गोळ्या काढल्या. आत काय चालले आहे, हे तिघांपैकी एकालाही ठाऊक नव्हते.

ते पशुवैद्यांनी सांगितले. बलक अंडनलिकेत न शिरता पोटाच्या पोकळीत पडला होता. तेथे दाह होऊन पाणी साचले होते. त्यांनी सुईने पाणी काढले, पण सारे एकदम नव्हे. तसे केल्यास कोंबडी धक्क्याने दगावू शकते. ती मोकळा श्वास घेऊ लागली. हा उतारा आहे, रोगमुक्ती नव्हे. पाणी पुन्हा साचू शकते, हेही त्यांनी स्पष्ट सांगितले. आता दिवस मावळण्याआधीच आम्ही तिला अंधाऱ्या खोलीत ठेवतो, कारण रोज १४ ते १६ तास उजेड मिळाला की अंड्यांचे चक्र जोरात फिरते.

"दैव तिचे!" असे यावर कोणी म्हणेल. दैव कसले? तिची पूर्वज तांबडी रानकोंबडी वर्षाला १०-१५ अंडी घालते, तीही पिल्ले काढण्यासाठी. माणसाने निवड करकरून तिच्या वंशजेकडून ३०० अंडी काढली. एका टरफलात सुमारे २ ग्रॅम कॅल्शियम असते. म्हणजे दीड-पावणेदोन किलोचा हा जीव वर्षाला अर्ध्या किलोहून अधिक कॅल्शियम आपल्याला देतो. जे यंत्र रात्रंदिवस चालविले, ते बिघडले तर दोष यंत्राचा? कोंबडीला अंडाशयाचा कर्करोग आपोआप होतो, म्हणून स्त्रियांच्या त्याच रोगाच्या संशोधनासाठीही तिला वापरतात. उपयोगाला कोंबडी चालते. उपचाराला तेवढी चालत नाही!

"माणसांना औषध मिळत नाही आणि हे कोंबडीचे लाड!" हा शेवटचा बाण. तो सोडणारे गृहस्थ माणसांच्या औषधासाठी वर्गणी देताना मला अद्याप दिसलेले नाहीत. दिवाळीच्या चार रात्रींत ते जेवढे पैसे धुरात उडवितात, त्यापुढे सुईचा खर्च तो काय? शिवाय १९६०चा प्राणिक्लेश प्रतिबंधक कायदा प्राणी म्हणजे माणसाखेरीज कोणताही सजीव, असेच म्हणतो. त्यात 'कोंबडी वगळून' असे कोठेही लिहिलेले नाही.

अंडी खाऊ नका, असे मी म्हणत नाही. माझ्या घरीही ती खातात. पण पाळलेल्या जिवाची वेदना कमी करणे हे पाळणाऱ्याचे देणे आहे. ती बरी होण्याजोगी नसेल, तर डॉक्टरांच्या हातून तिला शांत मरण द्यावे. टोपलीखाली झाकून तिच्या मरणाची वाट पाहू नये.

सोन्याचे अंडे देणाऱ्या कोंबडीची गोष्ट मी वर्गात कितीदा तरी शिकविली आहे. त्या लोभी माणसाने कोंबडीचे पोट एकदाच फाडले. आपण अधिक हुशार निघालो: आपला लोभच तिच्या पोटात घातला, आणि आता पोट फुगले की म्हणतो, कोंबडीच ती!