घशात साचणारा कफ

सकाळी उठल्याबरोबर घसा खाकरणे, बोलता बोलता थांबून तो मोकळा करणे, काहीतरी अडकल्याची भावना राहणे, ही तक्रार अनेक घरांत ऐकू येते. महिनोन्महिने सर्दीची औषधे बदलली जातात. मूळ कारण मात्र शोधले जात नाही.

कफ हा स्वतः रोग नव्हे. नाक व घशाच्या आतील श्लेष्मल त्वचेतून दररोज सुमारे 1 लिटर स्राव निर्माण होतो. धूळ व जंतू त्यात अडकतात आणि तो नकळत गिळला जातो. हा स्राव दाट झाला, किंवा घशाचा दाह होऊन तो हळवा झाला, की कफ जाणवू लागतो.

नाक चोंदणे व शिंका यांची जोड असल्यास ॲलर्जी किंवा सायनसची सूज संभवते. आवाज बसत असेल, जेवणानंतर वा आडवे झाल्यावर त्रास वाढत असेल, तर जठरातील आम्ल घशापर्यंत चढत असावे. अशा वेळी छातीत जळजळ असतेच असे नाही. म्हणूनच हे कारण दुर्लक्षित राहते. तंबाखू व धूर यांनीही घशाचा दाह होतो. दुधाने मात्र कफ वाढत नाही. लाळेत मिसळून ते दाट भासते, इतकेच.

आम्लाच्या त्रासात रात्रीचे जेवण व निद्रा यांत किमान 3 तासांचे अंतर असावे. सूर्यास्तापूर्वी भोजनाचा नियम पाळणाऱ्यांना हे अंतर सहजच लाभते. पलंगाची डोक्याकडील बाजू 15 सेंटिमीटर उंच करावी. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. नाक मिठाच्या पाण्याने धुवायचे असल्यास पाणी उकळून थंड केलेलेच घ्यावे. वारंवार खाकरण्याने स्वरतंतूंना सूज येते आणि खाकरण्याची इच्छा आणखी बळावते; त्याऐवजी घोटभर पाणी प्यावे.

खोकला 2 आठवड्यांहून अधिक टिकल्यास क्षयाची तपासणी आवश्यक आहे. थुंकीत रक्त, गिळताना अडथळा, मानेत गाठ, अकारण घटणारे वजन किंवा 3 आठवडे बसलेला आवाज यांपैकी एकही लक्षण दिसल्यास घरगुती उपायांत वेळ दवडू नये. कान-नाक-घसा तज्ज्ञांनी वेळीच केलेली तपासणी गंभीर आजारही आरंभीच उघड करू शकते.