पोराच्या सायकलला बटनाचे टायर कशाला?

आखाड्यावरून हट्ट्याला शाळेत जायला पोराला गिअरची सायकल घेतली. बटनाचे टायर, डांबरावर नुसता घूं घूं आवाज. आठ दिवसांत पोरगं दमलं अन् मोटरसायकल मागू लागलं. नववीत आहे!

वाट जास्त डांबरी असेल तर गुळगुळीत टायरच टाका, असं माझं मत. ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाची गुट्टी मातीत रुतते म्हणून ओढते. डांबरात ती कुठं रुतणार? सायकलचं बटनही तिथं नुसतं वाकतं, झिजतं, पायातला जोर खातं.

लोक म्हणतात, पावसात घसरंल. सायकलचा टायर अरुंद, हवा कडक. पाणी बाजूला सरतं. चिखल सांडलेल्या डांबरावर मात्र जपून. काळ्या रानात तर बटनंही भरून जातात, मग सायकल खांद्यावर!

घेताना टायरच्या बाजूवरचा आकडा बघा. २६ इंची गिअरच्या सायकलला ५५९ लागतो. आपल्या जुन्या उंच सायकलचा ६३५, तो बसत नाही. रुंदी दीड इंच पुरे. हवा टायरवर लिहिल्याइतकीच. रोज बाभळीच्या धुऱ्यावरून जाणं असेल तर मात्र पातळ टायर घेऊ नका, काटा लवकर आत जातो.

आमच्या पोरानं मोटरसायकलचं नाव सध्या तरी सोडलंय.